क्लच दाबला की लिफ्ट थबकते: जुन्या ८एनला लाइव्ह हायड्रॉलिक बसवावं का?

खडखड्या:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९५१चा फोर्ड ८एन ट्रॅक्टर आहे, बाजूला डिस्ट्रिब्युटर असलेला. इंजिन नुकतंच बांधून झालंय, ऑइल प्रेशर छान आहे, मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्टसुद्धा कुरकुर न करता उचलते. तक्रार एकच. तासाच्या टोकाला पोचलो, क्लच दाबला, लिफ्टची दांडी वर ओढली, तर ढिम्म हालचाल नाही. ब्लेड मातीत तसंच. मग न्यूट्रल करा, क्लच सोडा, लिफ्ट वर येऊ द्या, परत क्लच, परत गिअर. दिवसभरात शंभर वेळा हे केलं की डावा गुडघा संध्याकाळी हिशेब मागतो.

इंजिनवरून थेट चालणारा पंप बसवून लिफ्ट 'लाइव्ह' करायचा विचार आहे. कुणी केलंय का? क्रँकच्या नाकावरून (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरून) पंप चालवणं बरं, की पट्ट्यावर?

तासावरचा:
आधी एक फुकटचा प्रश्न. पीटीओची (म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या शाफ्टची) दांडी लावलेली असते ना? विचारतोय कारण '८एनची लिफ्ट मेली' असं सांगत येणाऱ्या दहातल्या दोघांची पीटीओची दांडी सुटलेली असते. या ट्रॅक्टरचा पंप पोटात बसतो आणि पीटीओच्या शाफ्टवर फिरतो. दांडी सुटली की पंप थांबला.

खडखड्या:
हो दादा, लावलेली असते. क्लच सोडला की उचलतेच.

गॅस्केटपंत:
मग बिघाड काहीच नाही. ती बांधलीच तशी आहे.

इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, त्यावरून पीटीओ आणि पीटीओवर पंप, अशी साखळी आहे. क्लच दाबला की त्याच्या मागचं सगळं थांबतं, पंपासकट. फोर्डच्या ९एन, २एन, ८एन तिन्ही अशाच, आणि फर्ग्युसनची टीई-२०सुद्धा. १९३९ साली ९एन आली तेव्हा तीन-पॉइंट लिफ्ट (अवजार तीन जागी जोडून उचलणारी) हाच एवढा मोठा चमत्कार होता की क्लचबद्दल कुणी कुरकुरलं नसेल.

गंमत अशी की फोर्डने हे पुढे बदललं त्यात कोर्टाचाही हात होता. ही लिफ्ट काढणारा हॅरी फर्ग्युसन आणि फोर्ड यांचा तोंडी करार मोडला, फोर्डने १९४७ मध्ये ८एन काढली, फर्ग्युसनने दावा ठोकला. १९५२ साली तडजोड झाली: ९२.५ लाख डॉलर रॉयल्टी आणि शिवाय तो हायड्रॉलिक पंप बनवणं बंद. म्हणून १९५३च्या एनएए या पुढच्या मॉडेलमध्ये इंजिनवरून चालणारा नवा पंप आला. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते तुमच्या ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाकडे जन्मतःच आहे. :)

पाना_सतरा:
पंतांनी इतिहास सांगितला, मी भूगोल सांगतो.

८एनवर पट्ट्याने पंप चालवायला जागा कमी, आणि गिअर पंपाचा शाफ्ट बाजूचा ताण सोसायला बनवलेला नसतो. पट्टा घट्ट केला की बेअरिंग आणि सील खातो, सैल ठेवला की भार आल्यावर घसरतो. पट्टाच हवा असेल तर पुलीला स्वतःचं वेगळं बेअरिंग द्या आणि पंप मागून कपलिंगने जोडा. तेवढी खटपट करायची तर मग क्रँकच काय वाईट?

क्रँकवरून घ्यायचं असेल तर पुलीला अ‍ॅडाप्टर बोल्ट करा, रेडिएटरच्या खालून एक शाफ्ट पुढे काढा आणि पंप ग्रिलच्या पुढे बसवा. जुने फ्रंट लोडर असेच चालायचे. ८एनला इंजिन हीच चासी, रबरी माउंटिंग नाही. त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलच्या सपोर्टला ब्रॅकेट मारला तर पंप आणि क्रँक एकमेकांच्या तुलनेत हलत नाहीत. हा मोठा फायदा आहे. तरी डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) लावून रेषेत आणा. 'नजरेने बरोबर दिसतंय' म्हणणाऱ्यांच्या कपलिंगचं रबर महिन्याभरात पिठासारखं झालेलं मी पाहिलंय. कपलिंगच्या दोन जबड्यांमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट सोडा, क्रँकलाही पुढे-मागे थोडी हालचाल असते.

हातानं हँडल मारून सुरू करायची सोय मात्र जाईल.

शांत_क्लच:
एवढं सगळं करण्याऐवजी न्यूट्रल करून उचला की. सत्तर वर्षं लोक तेच करत आलेत. जुन्या यंत्राला जुन्या पद्धतीनं वागवावं असं आमचं मत. पटलं तर घ्या.

खडखड्या:
मत मान्य, गुडघा अमान्य.

@पाना_सतरा, पंपाचं माप कसं काढायचं?

पाना_सतरा:
आधी सिलिंडरमध्ये किती तेल लागतं ते काढा, पंप नंतर. पण तेल नेमकं कुठे नेणार ते ठरवलंय का? माझ्या मते धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे, पंप नाही.

खडखड्या:
लिफ्टच्या आतल्या सिलिंडरलाच टी मारून जोडायचं डोक्यात होतं. ओपन सेंटर व्हॉल्व्ह (काम नसताना तेल टाकीत मोकळं फिरू देणारा), रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा), संपलं.

गॅस्केटपंत:
थांबा थांबा. इथेच बहुतेक जण फसतात. जरा विस्ताराने लिहितो, चहा जवळ ठेवा.

आपल्या रोजच्या हायड्रॉलिकमध्ये पंप सतत तेल फेकतो आणि व्हॉल्व्ह ते कुठे जायचं ते ठरवतो. फर्ग्युसनच्या पद्धतीत, म्हणजे तुमच्या ८एनच्या लिफ्टमध्येही, व्हॉल्व्ह पंपाच्या *ओढण्याच्या* बाजूला आहे. दांडी वर केली की पंपाला तेल मिळतं आणि तो सिलिंडर भरतो. मधल्या जागेत ओढणंही बंद, सोडणंही बंद, पंप कोरडाच फिरत राहतो. खाली केली की सोडायची वाट उघडते आणि सिलिंडरमधलं तेल परत पोटात जातं. पोझिशन कंट्रोलमध्ये लिफ्टचे हात किती वर आहेत हे एक लिंक सतत पाहत असते. दांडीने सांगितलेल्या उंचीपेक्षा हात वर गेले की लिंक व्हॉल्व्हला 'सोड' म्हणते.

आता तुमचा बाहेरचा पंप आतल्या सिलिंडरला जोडा. दांडी खाली आहे, तुम्ही बाहेरच्या व्हॉल्व्हने हात उचलायला जाता. हात जरा वर आले की लिंकला वाटतं, हे भलतेच वर चालले. ती वाट उघडते. तुमचा पंप तेल आत ढकलतोय, जुना व्हॉल्व्ह तेच तेल खाली ओततोय. लिफ्ट एक तर उचलणार नाही, नाही तर थरथरत राहील.

'मग दांडी कायम वर ठेवतो, पीटीओ सोडून टाकतो.' चालेल. पोटातला पंप बंद, सोडायची वाट बंद, बाहेरचा पंप एकटा राज्य करेल. ब्लेडसाठी ठीक आहे. पण मोअर (गवत कापणारं यंत्र) लावायचा असेल तर पीटीओ चालू ठेवावाच लागेल. पीटीओ चालू आणि दांडी वर म्हटल्यावर पोटातला पंप स्वतःच हात शेवटपर्यंत उचलणार. म्हणजे मोअर हवेत आणि गवत जमिनीवर.

शिवाय बाहेरच्या पंपाने उचललेल्या नांगराला ड्राफ्ट कंट्रोल नाही. माती घट्ट लागली की टॉप लिंक (अवजाराला वरून जोडणारा दांडा) दाबली जाऊन नांगर आपोआप किंचित वर येतो, ते सगळं त्या जुन्या व्हॉल्व्हच्या डोक्यात आहे. तुमच्या व्हॉल्व्हला त्याचा पत्ता नाही.

तेलकट:
पंत, मान गये. माझ्या टीई-२०वर मी नेमका हाच उद्योग केला होता आणि लिफ्ट पिंगा घालायची. दोन महिने पंपाला शिव्या घातल्या.

खडखड्या:
चहा संपला, विचार बदलला. मग उपाय?

गॅस्केटपंत:
आतल्या लिफ्टला हातच लावू नका. लिफ्टच्या हातांना बाहेरून दोन छोटे सिलिंडर लावा, एकतर्फी चालतील. नव्या पंपाचं तेल फक्त त्यांना. जुनी दांडी खाली ठेवली की आतला व्हॉल्व्ह सोडतच राहील, त्याला सोडू द्या, वजन बाहेरचे सिलिंडर धरतायत. मोअर चालू असताना, क्लच दाबून, पाहिजे तेव्हा उचला. आणि नांगराच्या दिवशी बाहेरचा व्हॉल्व्ह फ्लोटवर (तेल दोन्हीकडे मोकळं जाईल अशा जागी) टाका, मग जुनी दांडी आणि ड्राफ्ट कंट्रोल जसेच्या तसे. वापरायच्या दोन तऱ्हा राहतील, पण एकमेकींच्या पायात येणार नाहीत.

एकच जपा. जुनी लिफ्ट वरच्या टोकाला लिंकमुळे स्वतः थांबते, बाहेरचा सिलिंडर थांबत नाही. स्ट्रोक असा निवडा की हात अडायच्या आधी सिलिंडर संपेल. नाहीतर सगळा दाब लिफ्टच्या झाकणावर आणि आतल्या आर्मवर.

पाना_सतरा:
आता माप काढता येईल. समजा दोन सिलिंडर, बोअर ४० मिमी. एकाचं क्षेत्रफळ साडेबारा चौसेमी, दोघांचं पंचवीस. १२० बार दाबावर साधारण तीन टन जोर. हातावर सिलिंडर जिथे लागेल तिथे आणि टोकाला अंतर एकास तीन धरलं तर टोकाला टनभर. ८एनचं पुढचं चाक त्याच्या आधीच उठेल, म्हणजे पुरे.

स्ट्रोक २०० मिमी धरला तर दोघांत मिळून अर्धा लिटर तेल. पंप फेऱ्याला ६ सीसीचा घ्या. १५०० आरपीएमला मिनिटाला ९ लिटर, म्हणजे पूर्ण उचलायला साडेतीन सेकंद. ताकद जाईल सुमारे तीन हॉर्सपॉवर, तीही उचलतानाच. एरवी ओपन सेंटरमधून तेल नुसतं फिरत राहतं. मोठा पंप लावायचा मोह होतो, तो टाळा. क्रँकवर जोडलेला पंप तुम्ही उचलत नसलात तरी दिवसभर फिरतो, आणि जितका मोठा तितकं तेल उगाच तापवतो.

ओढणारी नळी जाड ठेवा. पाऊण इंचाच्या नळीत मिनिटाला १२ लिटर गेले तरी तेलाचा वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आत राहतो. तेच अर्ध्या इंचात घातलं तर दीड मीटरच्या वर जातं आणि पंप खडे चघळल्यासारखा आवाज करू लागतो. टाकी पंपापेक्षा उंच, वीसेक लिटरची. परतीच्या तेलाची नळी टाकीत पातळीच्या *खाली* सोडा, नाहीतर फेस. ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल घाला, थंडी कडक असेल तर ३२.

तासावरचा:
टाकी वेगळी कशाला? ट्रॅक्टरच्या पोटात १९ लिटर तेल आहेच की.

पाना_सतरा:
त्याच पोटात गिअर आणि डिफरन्शियल पण आंघोळ करतात. जाड तेल, त्यात पितळेचा आणि लोखंडाचा कीस, आणि सत्तर वर्षांच्या सीलमधून आलेलं पाणी. तेलाचा रंग दुधाळ असेल तर बघायलाच नको. जुना पंप ते पचवतो, नवा गिअर पंप पचवणार नाही. वेगळी टाकी, परतीच्या वाटेवर १० मायक्रॉनचा फिल्टर.

गिअरमध्ये_मीठ:
विजेवर का नाही करत? १२ व्होल्टचा पॉवर पॅक मिळतो, मोटर-पंप-टाकी एकत्र. क्रँक नको, कपलिंग नको. क्लचशी संबंधच नाही, इंजिन बंद असलं तरी उचलेल.

तेलकट:
दिवसातून दहा वेळा उचलायचं असेल तर झकास. पण ८एन मुळात ६ व्होल्टची, तीही पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं). १२ व्होल्ट केली असेल असं धरू. १.६ किलोवॅटची मोटर म्हणजे पूर्ण भारावर १३० अ‍ॅम्पिअरच्या वर. या मोटरी सलग चालवायच्या नसतात, मध्ये गार होऊ द्याव्या लागतात. आपले खडखड्या दिवसाला शंभर वेळा उचलतात. तासाभरात बॅटरी आडवी होईल.

नवा_फाळ:
एक बाळबोध शंका. लाइव्ह हायड्रॉलिक केलं की पीटीओ पण लाइव्ह होतो का? माझ्या मोअरला तेच हवंय.

गॅस्केटपंत:
नाही हो. पंप इंजिनवर गेला म्हणून पीटीओ जागचा हलत नाही. क्लच दाबला की तो थांबणारच. किंबहुना थांबणार *नाही* ही खरी भीती. मोअरचं पातं जड, ते फिरतच राहतं आणि उलट पीटीओमधून गिअरबॉक्स ढकलतं. क्लच दाबलाय, ब्रेक मारलाय, आणि ट्रॅक्टर कुंपणाकडे निघालाय. त्यासाठी पीटीओच्या टोकावर एकाच बाजूने पकडणारं ओव्हररनिंग कपलर बसवा. हे मी हौस म्हणून सांगत नाहीये, पहिल्या दिवशी बसवा.

नवा_फाळ:
बाप रे. बसवतो.

तेलकट:
आणि ट्रॅक्टर अजून घ्यायचाच असेल तर मॅसी फर्ग्युसन ३५ डबल क्लचवाला बघा. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ आणि पंप चालू. पूर्ण दाबलं की सगळं बंद. पंप तिथेही पीटीओ शाफ्टवरच आहे, पण क्लचच दोन मजली. त्यातही सिंगल क्लचवाले असतात, घ्यायच्या आधी चालवून बघा.

खडखड्या:
पाच आठवड्यांनी हजर. पंतांच्या सांगण्याप्रमाणे बाहेरचे सिलिंडर, पाना_सतरांच्या हिशेबाप्रमाणे ६ सीसीचा पंप. काम झालंय म्हणायला आलो होतो, पण आधी माझा गाढवपणा सांगतो.

पंप विकत घेताना 'फिरण्याची दिशा?' विचारलं. मी बोनेटसमोर उभा राहिलो, फॅनकडे बघितलं, क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, तेच सांगितलं. पंप बसवला, डायल गेजने रेषेत आणला (०.१ मिमी, तीन संध्याकाळी गेल्या), तेल भरलं, इंजिन सुरू केलं. दहा सेकंद काहीच नाही. मग पंपाच्या शाफ्टपाशी फुस्स झालं आणि ऑइल सील त्याच्या खोबणीतून बाहेर येऊन कपलिंगवर बांगडीसारखं लटकलं. रेडिएटरवर, ग्रिलवर, माझ्या पँटवर तेल.

पाना_सतरा:
अरेरे. दिशा शाफ्टच्या तोंडाकडून बघायची असते.

तुमचा पंप ग्रिलच्या पुढे, शाफ्टचं तोंड मागे इंजिनकडे. म्हणजे इंजिनच्या जागी उभं राहून पुढे बघायचं. तिथून तोच फेरा उलटा दिसतो. तुम्हाला काट्याच्या विरुद्ध फिरणारा पंप हवा होता. हाच पंप पुलीच्या मागे, तोंड पुढे करून पट्ट्यावर बसवला असता तर तुमचं उत्तर बरोबर होतं.

नवा_फाळ:
मग दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली असती तर?

पाना_सतरा:
नाही चालत. शाफ्टच्या सीलमागची जागा आतून ओढण्याच्या बाजूला जोडलेली असते, म्हणून सीलवर दाब येत नाही. पंप उलटा फिरवला की तीच बाजू दाबाची होते आणि सील बाहेर. काही पंप खोलून, आतल्या प्लेटा फिरवून दिशा बदलता येते. पण पंपाच्या कागदात तसं लिहिलं असेल तरच हात घाला.

खडखड्या:
माझा तसा नव्हता. दुसरा घेतला. पहिला कपाटावर ठेवलाय, रोज दिसतो.

आता चांगली बातमी. व्हॉल्व्ह उजव्या मडगार्डवर, हात सहज पोचतो तिथे. रिलीफ आधी पूर्ण सैल सोडला, गेज लावला, सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन धरला आणि पाव-पाव फेरा आवळत १२० बारला आणला. काल ब्लेड घेऊन गेलो. टोकाला पोचलो, क्लच दाबला, व्हॉल्व्ह ओढला. इंजिनचा आवाज किंचित जड झाला आणि ब्लेड उठलं. मी क्लच दाबूनच बसून राहिलो, दोनदा उगाच खालीवर केलं. लहान पोरं पंख्याचं बटण दाबतात तसं.

दोन तक्रारी. एक, पुढच्या फिटिंगपाशी ओल दिसतेय. दोन, खाली येताना ब्लेड धाडकन पडतं.

तासावरचा:
ओलीवर बोट फिरवायचं नाही! इंजिन चालू असताना तर मुळीच नाही. सुईएवढ्या भोकातून १०० बारचं तेल कातडीच्या आत जातं. वरून डास चावल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात वाचवायला ऑपरेशन लागतं. तसं झालं तर घरी मलम लावत न बसता सरळ इस्पितळ. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, पुठ्ठ्यावर रेघ उमटते. फिटिंग आवळायचं असेल तर आधी ब्लेड जमिनीवर, इंजिन बंद, आणि व्हॉल्व्ह खाली-वर हलवून दाब काढून घ्या.

खडखड्या:
पुठ्ठ्याने पाहिलं. सुदैवाने फवारा नव्हता, नुसतं पाझरत होतं. फिटिंग उघडलं तर आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचा तुकडा बसण्याच्या जागेवर आडवा आला होता. टेप काढून टाकली, साफ करून आवळलं, आता कोरडं आहे.

गॅस्केटपंत:
त्या टेपचे तुकडे तुटून व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) अडकतात. कोनावर बसणाऱ्या फिटिंगला टेप लागतच नाही, तिथे सील आटे करत नाहीत. बाकीच्यांचीही काढा.

धाडकन पडण्यावर उपाय म्हणजे सिलिंडरच्या वाटेवर बारीक भोकाचा अडसर. २ मिमी भोकाने सुरुवात करा. पण साधा अडसर टाकलात तर वर जातानाही तेल तिथेच घासणार. एका दिशेने मोकळा आणि दुसऱ्या दिशेने अडवणारा मिळतो, तो घ्या. बाणाची दिशा बघून बसवा.

शांत_क्लच:
शाफ्टच्या तोंडाकडून बघून. :)

खडखड्या:
बसला तो. बाण सिलिंडरकडे, तीनदा तपासून. ब्लेड आता चारेक सेकंदांत खाली टेकतं, आवाजही होत नाही. पंपापुढे जाड पट्टीचा बंपर वेल्ड करायचा राहिलाय. काल वळताना फाटकाच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबलो तेव्हा आठवलं.